वर्षाभू : वऱ्हाडच्या मातीत वर्ष काढणारा बेडूक

वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन तेव्हा हात आत जाईल इतकी भेगाळलेली असते, विहिरींचे तळ उघडे पडू लागतात आणि गावाबाहेरच्या खदानीत, म्हणजे घरांच्या भिंतींसाठी पिढ्यान्पिढ्या माती काढून खोलगट झालेल्या जागेत, गुरांच्या खुरांच्या वाळलेल्या ठशांखेरीज काही दिसत नाही. पुढे जूनमध्ये एखाद्या सायंकाळी दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा अचलपूरकडे पहिला जोरकस पाऊस होतो. रात्री त्याच खदानीतून असा गलका उठतो की, जवळच्या घरातील माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ नये. काल जेथे पाण्याचा थेंब नव्हता तेथे आज इतके बेडूक आले कोठून?

पावसाबरोबर ते आभाळातून पडतात, असे उत्तर जुनी माणसे देत. ओल्या मातीतून ते आपोआप निपजतात, असाही समज होता. या दोहोंपैकी दुसरा समज सत्याच्या बराच जवळचा म्हणावा लागेल. बेडूक मातीत निपजत नाहीत. परंतु ते येतात मातीतूनच. मागील पावसाळ्याच्या अखेरीस ज्या जमिनीत ते उतरले, त्याच जमिनीतून ते वर येतात. मधले सात-आठ महिने माणसे, गुरे, बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर त्यांच्या डोक्यावरून ये-जा करीत असतात.

आपल्या पूर्वजांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक संपूर्ण सूक्त आहे व त्यात वर्षभर निपचित पडून राहिलेल्या आणि पावसाने वाचा फुटलेल्या बेडकांचे वर्णन येते. अमरकोशाने बेडकाची जी नावे दिली आहेत त्यांत ‘वर्षाभू’ असे एक नाव आहे. पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचे डहाळे घेऊन दारोदार धोंडी काढण्याची चाल विदर्भातील खेड्यांत होती, तीमागेही हेच निरीक्षण असले पाहिजे. ‘कूपमंडूक’ हा शब्द मात्र आपण बेडकाला थोडा अन्यायानेच चिकटविला. ज्या बेडकाविषयी येथे विवेचन करावयाचे आहे, त्याचा विहिरीशी फारसा संबंध येत नाही.

मातीखालचे उभयचर

बेडूक, भेक, सॅलॅमँडर आणि पाय नसलेले गांडुळासारखे देवगांडूळ हे सर्व उभयचर वर्गातील प्राणी होत. त्यांची त्वचा पातळ, ओलसर व पाणी आरपार जाऊ देणारी असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो ते कातडीने, विशेषतः पोटाच्या मागील भागाच्या कातडीने शोषून घेतो. याच कातडीतून तो काही प्रमाणात श्वासही घेतो. हा त्याचा मोठा लाभ आहे आणि मोठी अडचणही. जी कातडी पाणी आत घेते ती कोरड्या हवेत ते बाहेरही घालविते. म्हणून जेथे वर्षातील आठ महिने कोरडे, तेथे उभयचराला जगावयाचे तर एकच मार्ग उरतो : उन्हाच्या आवाक्याबाहेर, जमिनीत जाणे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच मार्ग एका अगदी वेगळ्या प्राण्याने पत्करलेला दिसतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात अँबिस्टोमा टालपॉइडियम नावाचा एक सॅलॅमँडर आढळतो. होलब्रुक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये त्याचे वर्णन केले. ‘टालपॉइडियम’ याचा अर्थ चिचुंदरीसारखे दिसणाऱ्या व बिळे करून राहणाऱ्या मोल या प्राण्यासारखा. करंगळीएवढ्या लांबीचा, रुंद डोक्याचा हा जीव जंगलातील पाल्याखाली व मातीत आयुष्य काढतो आणि केवळ अंडी घालण्यासाठी हिवाळी पावसाच्या रात्री जवळच्या उथळ, हंगामी तळ्याकडे जातो. भारतात सॅलॅमँडर-वर्गातील प्राणी दार्जिलिंगपासून ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशातच आहेत. महाराष्ट्रात ते नाहीत. तथापि निसर्गात जागा रिकामी राहत नाही. तिकडे जे जीवन सॅलॅमँडर जगतो तेच वऱ्हाडात एक बेडूक जगतो. शास्त्रज्ञ त्याला स्फेरोथेका म्हणतात.

श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये या गटातील बेडकाला ‘ब्रेव्हिसेप्स’, म्हणजे आखूड डोक्याचा, असे नाव दिले. दोनशे वर्षे बहुतेक सर्व भारतीय बिळकरी बेडूक याच नावाखाली मोजले गेले. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील अभ्यासकांनी पश्चिम भारतातील अशा बेडकांना ‘स्फेरोथेका पश्चिमा’ असे निराळे नाव दिले. या नावांविषयी तज्ज्ञांची चर्चा अद्याप चालू आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने तो एकच : गोल, ठेंगणा, मातीच्या रंगाचा, फुगवलेल्या फुग्यासारखा बेडूक.

टाचेतील फावडे

हा बेडूक जेमतेम दोन इंच लांबीचा असतो. मान नाहीच, डोके आखूड, डोळे मोठे, मागचे पाय इतर बेडकांच्या मानाने तोकडे. लांब उड्या त्याला जमत नाहीत. परंतु त्याचा मागचा पाय उलटा करून पाहिला तर टाचेजवळ एक कडक, धारदार, अर्धचंद्राकार उंचवटा दिसतो. हेच त्याचे फावडे. ते पायाच्या आतल्या बोटाहूनही लांब असते.

तो खणतो ते मागे मागे सरकत. पुढचे पाय टेकवून, मागचे दोन्ही पाय आळीपाळीने बाहेरच्या बाजूस रेटीत तो माती दोहोंकडे लोटतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती किंचित फिरतो. उभा केलेला स्क्रू मातीत शिरावा तसा तो खाली जातो. भुसभुशीत जमिनीत काही मिनिटांत तो दिसेनासा होतो. डोके शेवटी जाते; वरची माती ढासळून भोक आपोआप बुजते. उंदराप्रमाणे त्याचे बीळ उघडे राहत नाही, म्हणूनच शेतात जन्म घालविलेल्या माणसालाही ते दाखविता येत नाही.

मध्य भारतात याच पद्धतीने मातीत राहणारे आणखी काही बेडूक आहेत. त्यांपैकी युपेरोडॉन गटातील फुग्या बेडकांचे मुख्य अन्न उधई व मुंग्या हे आहे. शेतकऱ्याला ज्या उधईचा त्रास, तिच्यावरच हा प्राणी पोसला जातो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ओलाव्याचा हिशेब

जमिनीत उतरलेल्या बेडकाचे शरीर आपला खर्च कमी करते. हृदयाचे ठोके मंदावतात, हालचाल थांबते, खाणे बंद होते. पावसाळ्यात साठविलेल्या चरबीवर तो दिवस काढतो. पाण्याचा साठा त्याच्या मूत्राशयात असतो. उभयचरांचे मूत्राशय ही केवळ टाकाऊ द्रव्याची पिशवी नसून ती पाण्याची टाकी असते आणि त्यातील पाणी गरजेप्रमाणे रक्तात परत घेता येते. भोवतालची माती जोवर ओलसर आहे तोवर कातडीही मातीतून पाणी ओढत राहते. माती त्याच्याहून कोरडी झाली की प्रवाह उलटतो. तेव्हा ओलावा जितका खाली जाईल तितके बेडकालाही खाली जावे लागते.

येथे वऱ्हाडच्या जमिनीचा विचार करावा लागतो. भारी काळी जमीन ओलावा धरून ठेवते हे खरे; परंतु वाळली म्हणजे ती दगडासारखी होते व दोन इंची बेडकाचे फावडे तीत चालत नाही. म्हणून त्याचे ठिकाण बहुधा नदीनाल्याच्या काठची पोयट्याची माती, जुन्या गढीचा ढिगारा, बागेतील आळी, झाडाखालचा पाला आणि शेताचा न नांगरलेला धुरा हे असते. धुऱ्यावरील गवताने माती भुसभुशीत राहते, सावली मिळते आणि वखराचे पाते तेथवर पोहोचत नाही. भारी जमिनीत भेगा हाच इतर भेक-बेडकांचा खाली उतरण्याचा जिना ठरतो.

पूर्णेच्या दोहों तीरांवरील खारपाणपट्टा हे या जिल्ह्यांचे आणखी एक वैशिष्ट्य. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात मोडते. तेथील भूजल खारट असून विहिरीचे पाणी पिण्यास व सिंचनास अपायकारक ठरते. जी गोष्ट माणसाची व पिकाची तीच बेडकाची. खारट पाणी त्याच्या कातडीतून आत जाण्याऐवजी शरीरातील पाणीच बाहेर ओढते. त्याला उपयोगी पडते ते आकाशातून पडून जमिनीच्या वर साचलेले गोडे पाणी. खारपाणपट्ट्यातील माणसाने पावसाचे पाणी तळ्यात धरून तहान भागविली. बेडकानेही तेच केले, फक्त त्याचे तळे अधिक उथळ होते.

आटणारे पाणी

पहिल्या पावसाने माती भिजली, थंड झाली की बेडूक वर येतात. त्याच रात्री पंख फुटलेली उधई वारुळांतून बाहेर पडते. आठ महिन्यांच्या उपवासानंतर अशी मेजवानी आयती समोर येते. नर डबक्याच्या काठाशी जमून ओरडू लागतात. मादी आवाजाच्या दिशेने येते. सर्व समारंभ दोन-चार रात्रींत आटोपतो. याच दिवसांत सर्वपरिचित मोठ्या हिरवट बेडकाचे नर एकाएकी पिवळेजर्द होतात व त्यांच्या गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसू लागतात. हे काही विषारी, परदेशी बेडूक आले आहेत, अशी वार्ता दरवर्षी कोठे तरी उठते. ते आपलेच बेडूक असतात आणि काही दिवसांत पुन्हा हिरवट होतात.

अंड्यांतून थोड्याच दिवसांत भैकेर, म्हणजे शेपटीची पिल्ले, बाहेर येतात. येथून खरी शर्यत सुरू होते. भैकेराला कल्ले असतात. पाण्याबाहेर ते जगू शकत नाहीत. पाय फुटणे, शेपटी विरघळणे आणि फुप्फुसे तयार होणे यांस डबक्यातील बेडकांच्या बाबतीत साधारणतः महिना-दीड महिना लागतो. त्याआधी पावसाने ओढ दिली आणि डबके आटले तर त्या वर्षाची सारी पिढी चिखलात वाळून जाते. कापूस-सोयाबीनचे शेतकरी जुलैतील ज्या खंडाकडे डोळे लावून बसतात, त्याच खंडात खदानीतील भैकेरांचाही निकाल लागत असतो. डबके आटू लागले तर भैकेर काही प्रमाणात घाईही करू शकतात. सर्वत्र आढळणाऱ्या भेकाच्या भैकेरांवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्रयोग झाले, त्यांत पाणी कमी होत गेले तसे त्यांनी रूपांतर लवकर उरकल्याचे दिसून आले. मात्र अशी पिल्ले आकाराने लहान राहिली. लहान पिल्लाला पुढे उन्हाळा काढणे जड जाते, हे उघड आहे.

मग इतका धोका पत्करून बेडूक आटणाऱ्या पाण्यातच अंडी का घालतात? बारमाही तलाव जवळ असता तेथे ते का जात नाहीत? याचे उत्तर मासे हे आहे. ज्या पाण्यात बारा महिने ओल असते तेथे मासे असतात आणि माशांच्या तोंडून अंडी व भैकेर फारसे वाचत नाहीत. दरवर्षी आटणारे डबके माशांना राहू देत नाही. म्हणजे आटणे हा त्या डबक्याचा दोष नसून तेच तेथील संरक्षण आहे. अर्थात डबके अगदी निर्धोक नसते. मोठ्या हिरवट बेडकाचे भैकेर मांसाहारी असतात आणि शेजारच्या भैकेरांना, प्रसंगी स्वतःच्या भावंडांनाही, ते खातात. तरीही माशांच्या तलावापेक्षा हा सौदा परवडतो.

अमेरिकेतील वर उल्लेखिलेल्या सॅलॅमँडरचा हिशेबही असाच आहे. दक्षिण कॅरोलिना राज्यातील रेनबो बे या हंगामी तळ्याभोवती कुंपण व जमिनीत पुरलेल्या बादल्या लावून, तेथे येणारा-जाणारा प्रत्येक उभयचर मोजण्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले व ते दशकानुदशके चालले. त्यातून दिसले ते असे की, तळ्यात पाणी किती दिवस राहते यावर त्या वर्षी किती पिल्ले बाहेर पडणार हे मुख्यतः ठरते. पाणी लवकर आटले त्या वर्षी पिल्ले जवळजवळ नाहीत. ते पुरेसे टिकले त्या वर्षी त्यांची रीघ. त्या सॅलॅमँडरपाशी आपल्या बेडकाजवळ नसलेली एक सोयही आहे. तळे वर्षभर टिकले तर त्याची काही पिल्ले कल्ले न टाकता पाण्यातच राहतात आणि त्याच अवस्थेत प्रौढ होऊन अंडी घालतात. बेडकाला अशी पळवाट नाही. त्याला माती हवी व पाणीही हवे, आणि दोन्ही त्याच्या तोकड्या पायांच्या टप्प्यात हवीत.

खदान, शेततळे आणि मासे

बेडकांवरील एक मोठे संकट शासनाने पूर्वीच दूर केले आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारतातून एके काळी दरवर्षी काही हजार टनांच्या घरात होत असे; १९८७ मध्ये तीवर बंदी घालण्यात आली. तो व्यापार मुख्यतः मोठ्या हिरवट बेडकाचा होता. बिळकरी बेडकाला कोणी मारीत नाही. त्याची जागाच नाहीशी होत आहे, आणि ती बहुधा चांगल्या हेतूने केलेल्या कामांतून.

गावाबाहेरची खदान ही कोणाच्याही लेखी तलाव नसते. ती बुजवून सभागृह, बसथांबा किंवा क्रीडांगण केले तर ठरावात तिचा उल्लेख ‘पडीक खड्डा’ असा होतो. ई-क्लास जमिनीवरील उथळ सखल भागांचेही तेच. याउलट, काही ठिकाणी असा खड्डा खोल करून त्यात बारमाही पाणी राहील अशी व्यवस्था केली जाते. जलयुक्त शिवार अभियान, २०१६ पासूनची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना, २०१७ पासूनची गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना यांनी वऱ्हाडासारख्या अवर्षणग्रस्त भागात पाण्याची सोय करण्याचा प्रयत्न केला आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले शेततळे बेडकाच्या कामाचे नाही. उभ्या, गुळगुळीत काठावरून तो आत पडतो, पण वर चढू शकत नाही. एका कोपऱ्यात गोणपाटाची पट्टी किंवा गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवला तर बेडूक, सरडे आणि कधी कधी खारीही वाचतात. खर्च जवळजवळ नाही.

गाळ काढण्याची कामे एप्रिल-मेमध्ये होतात, कारण तेव्हाच तलाव कोरडे असतात. नेमक्या याच काळात काठालगतच्या मऊ मातीत बेडूक निद्रिस्त असतात. तळाचा गाळ काढून काठाचा गवताळ पट्टा तसाच सोडला तर कामाला बाध येत नाही.

डासांचा प्रश्न पंचायत सदस्यांकडून हमखास विचारला जाईल आणि तो योग्यच आहे. साचलेल्या पाण्यात डास होतात. परंतु डेंग्यू पसरविणारा डास बहुतांशी घरातील रांजण, टाक्या, टायर, कुंड्या यांतील पाण्यात वाढतो. त्यासाठी गावाबाहेरची खदान बुजविल्याने फारसे साधत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी व गॅम्बुझिया मासे सोडण्यात येतात. त्यांपैकी गॅम्बुझिया बेडकांची अंडी व पिल्लेही खातो, असा अनेक देशांचा अनुभव आहे. विहिरी, हौद व बारमाही टाक्यांत मासे सोडणे उचितच आहे. दिवाळीपर्यंत आटणाऱ्या डबक्यात ते सोडण्यात हशील नाही. ते मासेही तेथेच मरतात आणि त्याआधी भैकेर संपलेले असतात.

याखेरीज तणनाशकांचा वाढता वापर आहे. धुऱ्यावरचे गवत पूर्वी विळ्याने कापले जाई, आता ते फवारून जाळले जाते. गवताबरोबर धुऱ्याची सावली व भुसभुशीत माती जाते आणि फवाऱ्याचा अंश पहिल्या पावसाबरोबर सखल भागात उतरतो. पातळ कातडीच्या प्राण्याला याची झळ सर्वांआधी लागते. जगातील उभयचरांच्या दर १० जातींपैकी सुमारे ४ जाती धोक्यात असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात म्हटले आहे.

नोंदवहीतील रकाना

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. राज्यात या कामास नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ मार्गदर्शन करते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरवून दिल्यानंतर देशभर या कामाला वेग आला. आता मुदतीची ही तारीख बेडकाच्या दृष्टीने पाहावी. जानेवारीत वऱ्हाडातील गावात सर्वेक्षण करणाऱ्यास बिळकरी बेडूक दिसणे जवळजवळ अशक्य. तो फूटभर मातीखाली असतो. ज्या गावाच्या नोंदवहीत हिवाळ्याच्या पाहणीवरून उभयचरांचे पान कोरे राहिले, त्या गावात बेडूक नाहीत असा अर्थ होत नाही. परंतु पुढे खदानीच्या जागेविषयी ठराव येतो तेव्हा ते कोरे पान पुरावा म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो.

यावर उपाय अवघड नाही व त्यास तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. जूनच्या अखेरीस शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून चार गोष्टी लिहवून घ्याव्यात : पहिला जोरदार पाऊस कोणत्या तारखेस झाला, बेडकांचा आवाज कोणत्या रात्री व कोणत्या जागेहून आला, त्या जागी पाणी किती दिवस राहिले, आणि पाणी आटण्यापूर्वी शेपटी गळालेली पिल्ले बाहेर पडताना दिसली काय. रात्री बाहेर जाण्याचीही गरज नाही. घरून ऐकलेला आवाज व दुसऱ्या दिवशी दिवसा पाहिलेले पाणी पुरेसे आहे. बेडूक पकडू नयेत, डबक्यात उतरू नये. जातीचे नाव ठरविता आले नाही तरी चालते. छायाचित्र जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे किंवा वनविभागाकडे दाखविता येते.

चारांपैकी तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. सलग चार-पाच वर्षांचे हे दिवस मांडले म्हणजे गावातील कोणती सखल जागा पंधरा दिवसांत आटते, कोणती दीड-दोन महिने टिकते आणि कोणतीत आता उन्हाळ्यापर्यंत पाणी व मासे राहू लागले आहेत हे कागदावर येते. यांतील मधल्या प्रकारची जागा ही बेडकाची. बहुतेक गावांत अशा एक-दोनच जागा निघतील. सात-बाराच्या उताऱ्यावर त्यांना ‘पोटखराब’ म्हटलेले असते आणि गावात त्यांना बहुधा नावही नसते.